मामाचा डबा आणि पिकअपचं चाक

कमलअक्कांच्या दुकानात गाडीचं साल सांगायला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण एखादं गिऱ्हाईक उतरून म्हणालं, की अक्का, माझी पिकअप अमक्या सालची आहे, तिला डिस्क पाहिजे, की अक्का हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "साल पत्रिकामा दखाड भो, आठे गाडी दखाड." म्हणजे साल पत्रिकेत दाखव, इथे गाडी दाखव. मग ते गिऱ्हाईक मुकाट्याने गाडी मागे घेऊन दुकानासमोर आडवी लावायचं. कारण जळगावात हायवेला जुन्या चाकांची दहा दुकानं असली, तरी "हे चाक तुझ्या गाडीला बसतं" असं बोलून ते खरं करून दाखवणारं दुकान एकच होतं.

डिस्क म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक. आमच्याकडे कोणी रिम म्हणत नाही, डिस्कच म्हणतात. अक्का जुन्या डिस्क विकायच्या, त्याही मुख्यतः पिकअपच्या. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचं शेड आणि मागे लगेच त्यांचं घर. शेडमध्ये एका बाजूला डिस्कची चळत, दुसऱ्या बाजूला अक्कांची खाट, आणि मधल्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली स्टीलची भांडी. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटायचं, बाई इथेच स्वयंपाक करतात की काय. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं होतं, हा माझा अक्कांशी झालेला पहिला संवाद.

माझा मंडपाचा धंदा. खुर्च्या, कनाती, गाद्या, सगळं पिकअपवर लादून गावोगाव न्यायचं. त्याआधी मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो, आणि त्याचा उपयोग कुठेच होत नसल्यामुळे तो मी सगळीकडे करत असे. पहिली पिकअप सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्या डिस्क गंजलेल्या होत्या. मोबाईलवर शोधून मी धुळ्याच्या एका माणसाकडून चार डिस्क घेतल्या. गाडीचं नाव तेच, कंपनी तीच, फक्त साल दोन वर्षं पुढचं. बोल्ट सहाच्या सहा, माप सोळाचं सोळा. आता ह्यात चुकायला जागा कुठे आहे? अक्कांकडे गेलो तो नुसतं बसवून घ्यायला. एरवी जिथे जायचो तो टायरवाला त्या दिवशी लग्नाला गेला होता, एवढंच कारण.

अक्कांनी माझी डिस्क हातात घेतली. साठीच्या पुढची बाई, अंगाने बारीक, पण ती सोळा इंची डिस्क त्यांनी परातीसारखी फिरवली. मग भिंतीवरून एक डबा काढला आणि डिस्कच्या मधल्या भोकात घातला. डबा आत गेला आणि नेमका बसला. मग दुसऱ्या खिळ्यावरचं त्या डब्याचं झाकण काढून त्या माझ्या गाडीकडे गेल्या. चाक काढलेलं होतंच. चाक ज्याच्यावर चढतं तो मधला गोल उंचवटा, म्हणजे हब, त्यावर त्यांनी झाकण ठेवलं. झाकण तिथे खुळखुळलं. अक्कांनी झाकण परत खिळ्याला लावलं आणि म्हणाल्या, नही बसत.

मी वाद घातला. घालणारच. सहा बोल्ट, सहा भोकं, बसत नाही म्हणजे काय? अक्का म्हणाल्या, बसवून बघ. मी बसवली. सहाही बोल्ट बरोबर भोकांतून बाहेर आले आणि मी विजयी मुद्रेने वळलो. अक्कांनी मला खाली बसायला लावलं, चाकाच्या मागून बॅटरी मारली आणि हब आणि डिस्क ह्यांच्यामधली फट दाखवली. बोट जाणार नाही, पण नख जाईल एवढी. "हाई चाक हबवर बसेल नही," त्या म्हणाल्या, "बोल्टवर टांगेल शे. बसेल आन टांगेल यामा फरक शे ना?" म्हणजे चाक हबवर बसलेलं नाही, बोल्टवर टांगलेलं आहे. मग मला सगळं समजावून सांगितलं. भार हबने घ्यायचा असतो. बोल्टांनी फक्त धरून ठेवायचं. भार बोल्टांवर आला की चाक थरथरतं, नट ढिले होतात, आणि एक दिवस चाक गाडीच्या पुढे पळतं. ह्यातलं प्रत्येक वाक्य माझ्या पुस्तकात होतं. मला ते पुस्तक पिकअपच्या खाली घालून वाचता आलं नव्हतं, इतकंच. त्या चारही डिस्क मी धुळ्याला परत पोचवून आलो, जाताना आणि येताना दोन्ही वेळा अक्कांना मनातल्या मनात शिव्या देत.

आता त्या भांड्यांची गोष्ट. दुकान मुळात अक्कांच्या यजमानांचं, आबांचं. आबांची नजर अशी होती, की गाडी रस्त्यावरून गेली तरी ते कोणती डिस्क बसेल ते सांगायचे. आबा अचानक गेले आणि नजर त्यांच्याबरोबर गेली. अक्कांना चाकातलं काही कळत नव्हतं. पंधरा वर्षं एकाच नावाने विकली जाणारी पिकअप, पण आतून कंपनीने तिला किती वेळा बदललेलं! पाच बोल्टांचे सहा झाले, हब मोठा झाला, मग किंचित बारीक झाला. तेही वर्षाच्या मधेच. त्यामुळे दिवाळीआधीची गाडी आणि दिवाळीनंतरची गाडी कागदावर एकाच सालची, आणि एकीचं चाक दुसरीला चालत नाही. अक्कांनी पहिले दोन महिने नुसत्या चुका केल्या. मग एके दिवशी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण लावताना त्यांच्या डोक्यात आलं, की अरे, झाकण ज्याच्यावर बसतं तेवढाच डबा. म्हणजे झाकण हबवर बसलं आणि डबा डिस्कच्या भोकात बसला, तर डिस्क हबवर बसणारच.

एवढी सरळ गोष्ट. त्यांनी लग्नात आलेली सगळी भांडी ट्रंकेतून बाहेर काढली आणि एकेक डबा गाड्यांना लावून बघितला. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतंच. त्यामुळे अक्कांच्या मापांना आकडे नव्हते, नातेवाईक होते. मोठ्या हबला मामाचा डबा, जुन्या बारीक हबला आत्याचा डबा. डिस्क मागून किती खोल आहे ते बघायला तिच्यावर आडवं लाटणं ठेवायचं आणि खाली उलथणं उभं धरायचं. शेवटी चाक चढवलं की ते हाताने एक फेरी फिरवायचं आणि डिस्क आणि आतला ब्रेक ह्यांच्यामधून काडेपेटी उभी जाते का ते पाहायचं. हायवेवरचे ड्रायव्हरसुद्धा तीच भाषा बोलायला लागले होते. ढाब्यावर शेवभाजी खाताना एक जण दुसऱ्याला विचारायचा, तुझी गाडी मामाची की आत्याची? नवखा माणूस ऐकून चक्रावून जायचा.

मी अक्कांचा भक्त झालो तो हळूहळू. आम्ही एकाच गल्लीत, चार घरं सोडून, हे मला नंतर कळलं. मग येणं-जाणं सुरू झालं. त्या मला नावाने कधीच बोलावत नसत, सायन्स म्हणत. ए सायन्स, चहा पी. सायन्स, जरा ही डिस्क धर. भक्तीच्या पहिल्या लाटेत मी त्यांना एक व्हर्नियर कॅलिपर आणून दिलं. मिलीमीटरचा दहावा भाग मोजणारी ती पट्टी मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितली. अक्कांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग पट्टी घेतली, मामाच्या डब्याला लावली, आत्याच्या डब्याला लावली, दोन्ही वेळा आकडा मला वाचायला लावला, आणि समाधानाने मान हलवून म्हणाल्या, तुझी पट्टी बरोबर आहे. मग ती पट्टी त्यांनी कापडात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीच्या पूजेत डबे, लाटणं, उलथणं मांडायच्या तेव्हा तीही शेजारी मांडायच्या. पाहुणी म्हणून.

अक्कांची काही वाक्यं माझ्या तोंडात बसली आहेत. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला त्या सांगायच्या, पोचायचं असेल तर थांब. एखादा म्हणाला, की अक्का, थोडंसंच ढिलं आहे, चालून जाईल, तर विचारायच्या, की जावई थोडासाच पितो म्हटलं तर पोरगी देशील का? पण प्रत्येक गाडी निघताना त्या एक वाक्य सांगायच्याच, आणि ते समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायच्या. नट एकदा ढिला झाला तर आवळ. दोनदा ढिला झाला तर चाक काढ. तिसऱ्यांदा आवळायचा नाही. मोठमोठे मिशीवाले ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून हे पाढ्यासारखं म्हणायचे आणि मगच गाडी सुरू करायचे. मला ह्याचं हसू यायचं. मी बी.एस्सी. असल्यामुळे मी ते म्हणत नसे.

त्यांच्या मुलाचं, विजयचं, लग्न झालं आणि सोनल सून म्हणून घरात आली. विजय भुसावळला नोकरीला, रोज जाऊन-येऊन करायचा. सोनल हौशी मुलगी. पहिल्या दिवाळीत तिने एकटीने घर आवरलं, दुकानातली भांडीसुद्धा घरात नेऊन घासून लख्ख केली, आणि फराळ करून गल्लीत घरोघरी डबे पाठवले. आमच्याकडेही चिवडा आला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तेव्हा माझ्या बायकोने, मंगलने, त्यात शंकरपाळे भरून पाठवले. सोनलने सगळ्यांचे डबे रिकामे करून, धुऊन, पुसून, जागच्या जागी लावले. अक्का आल्यागेल्याला सांगत होत्या, की सून बठ्ठं, म्हणजे सगळं, काम करी टाकस. आमच्या घरी मात्र त्या दिवाळीनंतर साखरेच्या डब्यात मुंग्या व्हायला लागल्या, आणि त्यावरून मी मंगलला दोन-तीनदा बोललो.

त्याच सुमारास मी दुसरी पिकअप घेतली. लगेच एका खड्ड्यात तिच्या पुढच्या दोन डिस्क वाकल्या. अक्कांकडे गेलो. आता मी शहाणा झालो होतो, साल सांगितलं नाही, गाडी आडवी लावली. अक्कांनी खिळ्यावरचं मामाचं झाकण न बघताच हाताने काढलं, हबवर ठेवलं. नेमकं बसलं. दुसऱ्या खिळ्यावरचा मामाचा डबा डिस्कमध्ये घातला. तोही नेमका बसला. अक्का म्हणाल्या, "बसस." त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला की विषय संपला.

आठवड्याने मी खुर्च्या घेऊन धुळ्याकडे निघालो. एरंडोलच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरायला लागलं. उतरून पाहिलं, नट ढिले. आवळले. पारोळ्याजवळ परत थरथर, परत आवळले. पारोळा सोडल्यावर तिसऱ्यांदा. मी तिसऱ्यांदाही आवळले. अक्कांनी दिलेलं चाक, त्यांनी "बसस" म्हटलेलं, त्याच्यात खोट कशी असेल? रस्ता खराब आहे, मी स्वतःला सांगितलं. तिथून पाच-सात किलोमीटरवर उतारावर गाडी अशी एका बाजूला ओढली गेली, की माझ्या हातातून स्टिअरिंग सुटता सुटता राहिलं. शेतात उतरून गाडी थांबली. मला काही झालं नाही. दोनशे खुर्च्या कापसाच्या शेतात पसरल्या आणि शेतमालक त्यातल्याच एका खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिला. चाकाचे सहापैकी दोन बोल्ट तुटलेले होते.

दुसऱ्या गाडीत ती डिस्क टाकून मी दुपारी अक्कांच्या दारात उभा राहिलो. खरं सांगतो, मला राग होता, आणि रागाच्या आत थोडा आनंदही होता. देव्हाऱ्याखालची पट्टी मागून घेतली, डिस्कचं भोक मोजलं. हब मी तिकडेच फूटपट्टीने मोजून आलो होतो. भोक हबापेक्षा मोठं निघालं. इथेही नख जाईल एवढं. मी अक्कांना आकडे वाचून दाखवले. अक्का उठल्या. एका खिळ्यावरून मामाचा डबा काढला, दुसऱ्यावरून झाकण. आणि दुकान सुरू झाल्यापासून कधी करायची वेळ आली नव्हती ती गोष्ट केली. झाकण डब्याला लावलं.

ते बसेना. दाबलं तेव्हा कुठे अर्धं चढलं.

अक्कांनी झाकण काढलं, फिरवून वरची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. मी विचारलं, काय झालं, तर झाकण त्यांनी आपल्या पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, झाकण बदली गयं. मन्हा घरमा बदली गयं. मग खाटेवर बसून बोटांवर मोजायला लागल्या. मला वाटलं दिवस मोजताहेत. त्या गाड्या मोजत होत्या. दिवाळीपासून मामाचं झाकण लावून त्यांनी "बसस" म्हटलेल्या गाड्या. माझी एक. धरणगावची एक, वरणगावची एक, आणि चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरच्या रायसिंगची एक. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते त्या एकाच दिवशी. माझा राग कुठल्या कुठे गेला.

धरणगावचा फोन लागला. अक्कांनी नाव सांगून फक्त एवढंच म्हटलं, की गाडी जिथे असेल तिथे उभी कर, माझी चूक झाली आहे. वरणगावचाही लागला. त्याने विचारलं, गाडी तर मस्त चालते आहे, थांबवू कशाला? अक्का म्हणाल्या, मी चालव म्हटलं तेव्हा विचारलं होतं का? आता थांब म्हणते तर विचारतोस. तो थांबला. रायसिंगचा फोन लागेना. तिकडे रेंज येते-जाते. आणि दुसऱ्या दिवशी त्या भागातला आठवडे बाजार. रायसिंग पाड्यावरच्या वीस-बावीस माणसांना पिकअपमध्ये उभं करून बाजाराला खाली उतरवायचा, हे अक्कांना माहीत होतं. रस्ता डोंगरातून वळणावळणाचा. त्या रात्री अक्का जेवल्या नाहीत, असं सोनलने मंगलला सांगितलं.

उजाडायला आम्ही तापी ओलांडली होती. माझी जुनी पिकअप, शेजारी अक्का, मांडीवर मामाचा डबा आणि त्यात कापडात गुंडाळलेली माझी पट्टी. डिस्कची जोडी मागे. मी काहीतरी बोलून त्यांना धीर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, अक्का, काही होणार नाही, माझं तरी कुठे काय झालं? अक्का म्हणाल्या, तू खुर्च्या घेऊन चालला होतास. मग म्हणाल्या, आबा वारले तेव्हा लोक म्हणायचे, बाईला काय चाकातलं कळतं, चार दिवसांत दुकान बंद होईल. ते ऐकून रडू आलं नव्हतं, राग आला होता. आज ते खरं ठरलं तर मी कुलूप लावेन. त्यांच्या आवाजात कुठेही नाटक नव्हतं. शेडचं कुलूप त्यांनी खरोखरच पिशवीत बरोबर आणलं होतं. नंतर कितीतरी दिवस मी त्यांना त्यावरून चिडवलं, की दुकान जळगावात आणि कुलूप सातपुड्यात.

पाड्यावर पोचलो तर रायसिंगचं अंगण रिकामं. त्याची म्हातारी म्हणाली, गाडी केव्हाच गेली, माणसं भरून. अक्का येऊन गाडीत बसल्या. मी बाजाराच्या रस्त्याने गाडी सोडली. प्रत्येक वळणावर मी आधी खालच्या बाजूला दरीत बघायचो आणि मग रस्त्याकडे. अक्का फक्त समोर बघत होत्या. मला देवाचं नाव घ्यायची सवय नाही, पण त्या सहा-सात वळणांत मी दोन-तीन देवांना कामाला लावलं.

नाल्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली, रायसिंगची पिकअप उभी होती. पुढच्या बाजूला दगडांची थप्पी लावून उचललेली. चाक काढून शेजारी आडवं टाकलेलं. त्या चाकावर एक आजीबाई कोंबडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाकी माणसं सावलीत पसरलेली, बायका हसत होत्या, कोणी शेंगा फोडत होतं. रायसिंग आम्हाला बघून उठला आणि त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. त्याला वाटलं, अक्का येणारच.

अक्कांनी विचारलं, चाक कशाला काढलंस? रायसिंग म्हणाला, "तूच सांगितलं होतं ना, अक्का? नट एकदा ढिला झाला तर आवळ, दोनदा झाला तर चाक काढ. परवा एकदा झाला. आज दुसऱ्यांदा झाला. मग काढलं."

अक्का त्या दगडांच्या शेजारी मातीतच बसल्या. आधी मला वाटलं चक्कर आली. त्या रडत होत्या, आणि थोड्या वेळाने रडता रडता हसायला लागल्या. मग उठल्या, पदराने तोंड पुसलं, आणि त्या सगळ्या वीस-बावीस माणसांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "मन्ही चूक शे," त्या म्हणाल्या. "चाक तपासामा मन्ही चूक व्हयनी. रायसिंगनी नही, गाडीनी नही." माणसं एकमेकांकडे बघायला लागली. चाकवाल्याने हात जोडलेले त्यांनी कधी पाहिले नसावेत. आजीबाईंनी चाकावरून सरकून अक्कांना जागा केली, गाठोडं सोडलं आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा पुढे केला. अक्का कालपासून उपाशी. त्यांनी दीड भाकरी खाल्ली, मी अर्धी.

मी तिथे उभा राहून एकच विचार करत होतो. रायसिंग चौथीत शाळा सोडलेला माणूस, त्याने वाक्य ऐकलं आणि पाळलं. मी फिजिक्सवाला, तिसऱ्यांदा नट आवळून पुढे गेलो होतो. आम्ही बरोबर आणलेली डिस्क पट्टीने मोजून त्याला लावली, काडेपेटी घालून पाहिली, चाक मोकळं फिरलं. मग अर्धी माणसं मी माझ्या गाडीतून बाजाराला पोचवली. अक्का मागे हौद्यात त्यांच्याबरोबर उभ्या राहून गेल्या, काखेत ती कोंबडी. निघण्याआधी मी स्टिअरिंगवर बसलो आणि गाडी सुरू केली नाही. अक्कांनी मागून विचारलं, काय झालं? मी नटांचं ते वाक्य मोठ्याने म्हटलं, पाढ्यासारखं, पूर्ण. हौद्यातून दहा-बारा माणसांचा हशा आला.

जळगावला परतल्यावर दोन दिवसांनी अक्का आमच्याकडे आल्या. हातात रव्याचे लाडू. मंगल चहा ठेवत होती आणि अक्का स्वयंपाकघरातच बोलत बसल्या. एरवी त्या ओसरीच्या पुढे येत नसत. पाच-दहा मिनिटांनी मंगल गॅलरीतून कपडे आणायला गेली आणि आली. चहा झाला, अक्का गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात मामाचा डबा आणि मामाचं झाकण आपापल्या खिळ्यांना होते, एकमेकांना नेमके बसणारे. मी विचारलं, कुठे सापडलं? घरातच होतं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, चला, बरं झालं. त्यानंतर मात्र कितीही घाई असली तरी आधी झाकण डब्याला लावून बघायचं आणि मगच माप घ्यायचं, हा नियम झाला.

ते चुकीचं झाकणही त्यांनी टाकलं नाही. वेगळा खिळा ठोकून, वरची बाजू भिंतीकडे करून, आपल्या खाटेच्या वर टांगलं. सकाळी दुकान उघडलं की आधी त्याला हात लावायचा. कोणी विचारलं हे कसलं झाकण, तर म्हणायच्या, ही माझी चूक आहे, टांगून ठेवली आहे. सोनलने एकदा काढून घासायला घेतलं तर तिच्यावर ओरडल्या. सुनेवर ओरडल्याचं मी ऐकलेलं ते एकच.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. दुपारी जेवून खाटेवर पडल्या, त्या उठल्याच नाहीत. जळगावच्या उन्हात इतकी माणसं आली होती, आणि गल्लीपासून हायवेपर्यंत एका मागे एक पिकअप लागलेल्या. मामाच्या, आत्याच्या, सगळ्या सालांच्या. रायसिंग पाड्यावरच्या माणसांना घेऊन आला होता. मी तेव्हा रडलो नाही. पाहुण्यांना खुर्च्या देत होतो.

तेरावं झाल्यावर सोनलने मला दुकानात बोलावलं. दुकान आता ती चालवणार होती. आत्याचा डबा कोणत्या गाडीला हे ती मला समजावून सांगायला लागली, इतकी ती तयार झाली होती. म्हणाली, आईंची आठवण म्हणून तुम्ही काहीतरी घेऊन जा. मी म्हटलं, मापाची भांडी तुला लागतील, ते चुकीचं झाकण मला दे. खाटेवरच्या खिळ्यावरून मी ते काढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उलटं केलं.

त्यावर कोरलं होतं, "चि. सौ. कां. मंगल हिस मावशीकडून सप्रेम."

मी तिथेच अक्कांच्या खाटेवर बसलो. सोनलला काही सांगितलं नाही. झाकण घेऊन घरी आलो आणि मंगलच्या हातात दिलं. तिने वाचलं. मग ती उठली, फळीवरून साखरेचा डबा काढला. त्याच्यावरचं झाकण लख्ख, कोरं, त्यावर कोणाचंच नाव नाही. घासून घासून नाव गेलं असेल, असं ती इतकी वर्षं समजत होती. मुंग्या मात्र अक्का लाडू घेऊन आल्या त्या दिवसापासून बंद झाल्या होत्या, हे आम्हा दोघांनाही आत्ता कळलं. त्या दिवशी मंगल कपडे आणायला गेली तेवढ्यात अक्कांनी आपलं झाकण काढून हे नवं लावलं होतं. तिने कोरं झाकण काढलं आणि मावशीचं लावलं. नेमकं बसलं.

मंगल बराच वेळ रडली. म्हणत होती, मीच अक्कांच्या डब्यावर दाबून बसवलं होतं ते, मला आठवतंय, शंकरपाळे सादळू नयेत म्हणून. आणि त्यांनी एकदा म्हटलं नाही. इतक्या वेळा माझ्या हातचा चहा प्यायल्या, एकदाही नाही. वीस-बावीस माणसांसमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या अक्का मी पाहिल्या होत्या, आणि मी स्वतः शेजारी बसून भाकरीला ठेचा लावला होता, चूक आमच्या घरची हे न कळता.

संध्याकाळी मंगलने रव्याचे लाडू केले. साखरेचा डबा रिकामा करून, धुऊन, त्यात भरले आणि म्हणाली, सोनलला देऊन या. मी डबा घेतला. दारापर्यंत गेलो आणि परत आलो, झाकणावरचं नाव वाचलं, डब्यावरचं नाव वाचलं, आणि मग निघालो.